गालावरची चमक आणि अभ्रकाचे मोल

मे महिना हा मराठवाड्यात उन्हाचा आणि लग्नसराईचा महिना. वाळूजला या दिवसांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, कारखान्यांच्या पत्र्याखाली तो त्याहून अधिक जाणवतो, आणि तरीही संध्याकाळी बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या वसाहतींतील दुकाने गिऱ्हाइकांनी फुललेली असतात. आपल्या धर्मग्रामांतही लग्नविधी आणि मुलांचे पहिले ख्रिस्तप्रसाद याच सुमारास होतात. कामावरून सुटलेल्या मुली कंपनीच्या बसमधून उतरून प्रसाधनांच्या दुकानापाशी थांबतात. त्या जे मागतात त्यात गेल्या काही वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे. तिचे नाव हायलायटर. शाळकरी मुले पुस्तकातील ओळींवर फिरवतात ते पिवळे पेन वेगळे. हा हायलायटर म्हणजे गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांडीवर आणि भुवईखाली लावायची चमक. ती दोन रूपांत मिळते: एक लोण्यासारखी मऊ क्रीम, आणि दुसरी डबीत दाबून बसवलेली पावडर. उन्हाळ्यात यांपैकी कोणती घ्यावी, असा प्रश्न काउंटरवर रोज विचारला जातो.

अशा विषयाला या पानांवर जागा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की नीतीचे प्रश्न न्यायालयातच उभे राहतात असे नाही. ते बाजारहाटातही उभे राहतात, आणि पुष्कळदा ते तेथे ओळखू येत नाहीत. हायलायटरच्या बाबतीत आपल्या घरांतून एक नैतिक प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जातो: हा नखरा कशाला? आम्हाला वाटते, त्याहून गंभीर असा दुसरा प्रश्न या डबीत आहे आणि तो कोणीच विचारत नाही. त्या प्रश्नापर्यंत जाण्याआधी व्यवहाराचे उत्तर देऊन टाकू. ज्याने साधा प्रश्न विचारला त्याला आधी साधे उत्तर मिळावे, हेही नीतीतच बसते.

क्रीम हायलायटर म्हणजे तेल, मेण, सिलिकोन अशा स्निग्ध पदार्थांत कालवलेली चमकदार पूड. पावडर म्हणजे बहुतेक तीच पूड, संगजिऱ्यासारख्या मऊ भुकटीत मिसळून थोड्या बंधकाने घट्ट दाबलेली. वसई-मुंबईकडे हवा दमट असते. घाम अंगावरच राहतो आणि स्निग्ध लेप ओघळतो, म्हणून तिकडच्या मुलींना उन्हाळ्यात पावडर सोयीची वाटते. वाळूजचा उन्हाळा कोरडा. येथे घाम येतो तसा वाऱ्याने उडून जातो आणि मागे राहते ती ओढलेली, रखरखीत त्वचा. अशा त्वचेवर पावडर बसत नाही. ती बारीक सुरकुत्यांत साचते आणि चेहरा पिठाळ दिसतो. कोरड्या त्वचेला म्हणून क्रीम बरी, तीही बोटाच्या टोकावर मावेल एवढीच, थापटून जिरवलेली. ज्यांची त्वचा मुळात तेलकट आहे त्यांनी पावडर घ्यावी आणि मऊ कुंचल्याने हलकेच फिरवावी. समारंभ लांबणार असेल तर आधी क्रीम आणि तिच्यावर पावडरचा हलका हात द्यावा; हा क्रम उलटा केला तर गोळे होतात. उन्हापासून संरक्षण देणारे मलम सर्वांच्या आधी लावून ते मुरू द्यावे. क्रीमची डबी बसच्या खिडकीशी ठेवलेल्या पर्समध्ये दिवसभर तापू देऊ नये, कारण त्यातील मेण पाघळते आणि माल लवकर खराब होतो. डबीवर उघड्या झाकणाचे लहानसे चित्र आणि शेजारी महिन्यांचा आकडा छापलेला असतो. उघडल्यानंतर तेवढे महिने माल वापरण्याजोगा राहतो, असा त्याचा अर्थ. आणि शेवटी रंग. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या कांतीवर रुपेरी छटा राखेसारखी दिसते; सोनेरी, तांबूस किंवा मधासारखी छटा शोभते.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. आपल्या आजीच्या आणि आईच्या पिढीत चेहऱ्यावरची चमक हा दोष मानला जात असे. मुंबईच्या पाटणवालांचे अफगाण स्नो किंवा टाटांनी १९५२ साली सुरू केलेल्या लॅक्मेची पावडर घरात येई ती तेलकटपणा झाकण्यासाठी. मिस्साला निघण्यापूर्वी पफ फिरवून चेहऱ्याची चकाकी घालवणे हे नीटनेटकेपणाचे लक्षण होते. आज त्याच कुटुंबातील नात पैसे मोजून ती चकाकी विकत घेते. दोन्ही पिढ्या आपापल्या काळाच्या रीतीप्रमाणे चारचौघांत बरे दिसावे म्हणून झटत आहेत. तेव्हा आजीची पावडर सोज्वळ आणि नातीची डबी उथळ, असा निवाडा करणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा.

सजणे म्हणजे खोटेपणा आहे काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेत फार जुना आहे. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या तेर्तुलियन या लेखकाने स्त्रियांच्या वेषभूषेवर एक कडक ग्रंथ लिहिला. देवाला जांभळी लोकर हवी असती तर त्याने मेंढ्याच जांभळ्या घडवल्या असत्या, अशा आशयाचा त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. यावर कोणी चतुर मुलगी विचारील, मग अभ्रक कोणी घडवला? संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी हाच विषय आपल्या महाग्रंथात घेतला तेव्हा त्यांचा सूर अधिक समंजस होता. रंग लावणे हे प्रत्येक वेळी मोठे पाप ठरत नाही, हेतू पाहावा लागतो, असे ते मांडतात. शिवाय, नसलेले सौंदर्य आहे असे भासवणे वेगळे आणि आजाराने वा अपघाताने आलेली विद्रूपता झाकणे वेगळे, असा भेदही ते करतात. भाजल्याचा किंवा मुरुमांचा व्रण घेऊन चारचौघांत वावरणाऱ्या मुलीला हा भेद ग्रंथ न वाचताही समजतो.

संत फ्रान्सिस दि सेल्स हे नाव संभाजीनगरच्या ख्रिस्ती घरांना परके नाही. शहरातील जुनी शाळा त्यांच्याच नावाने चालते. १६०९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भक्तिजीवनावरील ग्रंथात वेषभूषेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. भाविक माणसाने गबाळे राहू नये, उलट सर्वांत नीटस असावे, परंतु त्यात डौल आणि दिखावा सर्वांत कमी असावा, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. संसारी माणसांसाठी लिहिणाऱ्या या संताला ठाऊक होते की आपल्या माणसांसमोर नीट दिसण्याची इच्छा ही त्या माणसांचा मान राखण्याचीही एक रीत असते.

आणि चमक ही काही आजच्या बाजाराने शोधलेली गोष्ट नव्हे. वाळूजपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील पाचव्या शतकातील चित्रांत नाकाच्या दांडीवर, ओठांवर, हनुवटीवर पांढऱ्या रंगाचे हलके फटकारे दिसतात. सपाट भिंतीवरचा चेहरा त्या फटकाऱ्यांनी उठून येतो. दिव्याच्या अपुऱ्या उजेडातही तो जिवंत वाटतो. आजची मुलगी हायलायटर जेथे लावते त्यातील पुष्कळशा जागा त्याच आहेत. सतराव्या लेण्यात तर हातात आरसा धरून प्रसाधन करणारी राजस्त्री आणि तिच्या सेविका यांचे चित्रच आहे. त्या भिंतींवर सावळ्या वर्णाच्या स्त्रियाही तितक्याच मानाने बसलेल्या आहेत, आणि त्यांच्या सावळेपणावर उजेड अधिकच खुलून दिसतो.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आपल्या देशात कित्येक वर्षे मुलींना गोरेपणाची मलमे विकली गेली. त्या मलमांच्या जाहिराती सावळ्या मुलीला सांगत की तुझा रंग हाच तुझा दोष आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या अशाच एका प्रसिद्ध मलमाने आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० साली काढून टाकला, तोपर्यंत दोन पिढ्या ते चोळत राहिल्या. हायलायटर कातडीचा रंग बदलू पाहत नाही. आहे त्या चेहऱ्यावर उजेड कसा पडेल एवढेच तो पाहतो. तो लावलेला आहे हे पाहणाऱ्याला कळते आणि त्याने कोणी फसत नाही. तेव्हा वस्तूपुरते बोलायचे तर हा दोष फार लहान आहे, किंबहुना दोषच नाही. अतिरेक झाला, घरातील औषधाचे किंवा शाळेच्या फीचे पैसे त्यात गेले, आरशापुढून हलणे अवघड झाले, तर तो दोष अतिरेकाचा. सीनाय पर्वतावरून मोशे खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता आणि त्याला स्वतःला त्याची जाणीवही नव्हती, असे पवित्र शास्त्र सांगते. ते तेज डबीत मिळत नाही, हे आपल्या मुलींना पुरेपूर माहीत आहे. त्यांना तेवढे समजत नसेल असे धरून चालणे हा त्यांचा अवमान होईल.

येथवर आलेले वाचक म्हणतील, मग प्रश्न संपला. आमच्या मते तो येथून सुरू होतो. आणि गंमत अशी की त्याची खूण त्या कठोर तेर्तुलियननेच करून ठेवली आहे. दागिन्यांविषयी लिहिताना तो ओघात सांगून जातो की हे धातू शापित खाणींतून, शिक्षा झालेल्या माणसांच्या श्रमांतून येतात. जे यातनेच्या जागी निपजले ते पुढे अलंकार होऊन मिरवते. त्याचा राग गळ्यातील दागिन्यावर होता, पण त्याची नजर क्षणभर खाणीपर्यंत पोहोचली होती. आपणही आता तेथपर्यंत जाऊ.

हायलायटर चमकतो तो बहुतांशी अभ्रकामुळे. अभ्रक हा दगड पुस्तकाच्या पानांसारखा सुटतो. त्याचे पापुद्रे काढावेत तितके पातळ निघतात. त्यांची बारीक पूड करून प्रत्येक कणावर टायटॅनियम डायॉक्साइडचा थर चढवतात. हा थर माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तशा छटा उमटतात. थर किंचित जाड केला की रुपेरी छटेची सोनेरी होते, आणखी जाड केला की तांबूस. हे चपटे कण कातडीवर आडवे निजले की लहान लहान आरशांसारखे उजेड परतवतात. क्रीममध्ये तेलामुळे ते सहज आडवे होतात, म्हणून तिची चमक ओलसर दिसते. पावडरमध्ये ते थोडे विस्कटलेले राहतात, म्हणून तिची चमक कोरडी आणि कणीदार असते. क्रीम आणि पावडर यांतील सारा वाद एवढ्यावर येऊन थांबतो. दोहोंच्या पोटात अभ्रक एकच.

हा अभ्रक येतो कोठून? झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीह हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेले बिहारचे नवादा, जमुई हे भाग जगाच्या अभ्रक-व्यापारात फार जुने आहेत. विजेच्या यंत्रांत आणि बिनतारी संचांत अभ्रकाचे तक्ते लागत. दुसऱ्या महायुद्धात या मालाला मोठी मागणी होती. आपल्या घरातील जुन्या इस्त्रीच्या पोटातही अभ्रकाचाच पत्रा असे. पुढे विजेच्या कामाला इतर पदार्थ मिळाले, १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने जंगलातील खाणींवर निर्बंध आले आणि एकामागून एक खाणी बंद पडल्या. खाणी बंद झाल्या, पण जमिनीतील अभ्रक आणि वरची भूक दोन्ही राहिली. सोडून दिलेल्या खाणींच्या आसपास कुटुंबेच्या कुटुंबे टोपल्या घेऊन अभ्रकाचे तुकडे वेचू लागली. त्या तुकड्यांना तिकडे ढिबरा म्हणतात. रंग आणि प्रसाधने यांसाठी पूडच लागत असल्याने या तुकड्यांना गिऱ्हाईक मिळाले. खरेदी करणारा व्यापारी किलोमागे काही रुपये देतो. पुढे तो माल हातोहात जातो आणि कोणत्या खड्ड्यातून आला याची नोंद कोठेच राहत नाही.

या वेचणाऱ्यांत मुले आहेत. अरुंद बिळात मोठा माणूस शिरत नाही, लहान मूल शिरते. वरून माती ढासळते. दगडाची धूळ फुफ्फुसात जाते. २०१६ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी या भागांत शोध घेतला तेव्हा दोन महिन्यांत किमान ७ मुले अशा खड्ड्यांत दगावल्याचे आणि त्या मृत्यूंची वाच्यता होऊ नये अशी व्यवस्था झाल्याचे उघड झाले. बेकायदा खड्ड्यातील मृत्यूची तक्रार करावी तर कुटुंबाची उरलीसुरली मिळकतही बंद होते. म्हणून आईबाप गप्प राहतात. २०१९ साली पुढे आलेल्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीनुसार झारखंड-बिहारच्या अभ्रकपट्ट्यात ६ ते १४ वयाची ५ हजारांहून अधिक मुले शाळेत जात नव्हती.

आता वाळूजकडे परत येऊ, कारण या प्रश्नाविषयी वाळूजच्या माणसाला जेवढे समजते तेवढे दुसऱ्या कोणाला क्वचितच समजेल. १९८५ साली येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत वाढली. त्यांतील कोणत्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला ठाऊक आहे की गेटवर आलेला माल असाच आत घेतला जात नाही. चलान पाहतात, लॉट नंबर पाहतात. पोलाद असेल तर ते कोणत्या भट्टीतील कोणत्या ओतकामाचे, हे सांगणारा हीट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेट मागतात. नंबर नसलेला माल बाजूला काढून त्यावर लाल चिठ्ठी लावतात. दोन वर्षांनी एखादा बोल्ट तुटला तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणाच्या मालातून बनला, हे काढता येते. एका बोल्टचे कूळ आपण इतक्या काटेकोरपणे विचारतो. गालावर लावायच्या अभ्रकाचे कूळ मात्र विचारत नाही.

असे का होते? आम्हाला याचे कारण एकच दिसते. बोल्ट तुटला तर इजा होते ती वापरणाऱ्याला, आणि वापरणारा हा पैसे देणारा असतो. त्याच्या जिवासाठी सारी नोंदवही उभी राहते. अभ्रकाच्या साखळीत इजा होते ती दुसऱ्या टोकाला, जेथे पैसे देणारा नसतो. तेथे कोणाला नोंदवहीची गरज भासत नाही. म्हणजे माग काढण्याचे ज्ञान आपल्याजवळ आहे, यंत्रणाही आहे. ती कोणाच्या जिवासाठी वापरायची, एवढाच निर्णय राहिला आहे, आणि तो निर्णय शुद्ध नीतीचा आहे.

हा निर्णय एकट्या मुलींवर टाकता येणार नाही. अभ्रकाच्या त्याच चमकदार पुडीचा एक मोठा खप वाहनांच्या रंगात आहे. दुचाकीच्या टाकीवर उन्हात मोत्यासारखी झळाळणारी जी छटा आपण कौतुकाने पाहतो, ती पुष्कळदा अभ्रकाच्या कणांची असते. बहिणीच्या डबीला नावे ठेवणारा भाऊ रविवारी सकाळी ज्या गाडीला फडके मारून चर्चला निघतो, तिच्या टाकीवरही तीच चमक असू शकते. तिच्या डबीत काही ग्रॅम असेल, त्याच्या गाडीवर त्याहून जास्त. तरी घरात बोलणी कोणाला बसतात ते सर्वांना माहीत आहे. स्त्रीच्या चेहऱ्याची झडती घेणे सोपे असते. पुरुषाच्या वाहनाची घेणे कोणाला सुचत नाही.

मग वाळूजच्या दुकानात डबी घेणारी मुलगी कोडरम्याच्या मुलाच्या मृत्यूला जबाबदार ठरते काय? नीतिशास्त्रात यासाठी एक जुना विचार आहे. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपला हात किती, हे ठरवताना संत आल्फोन्सस लिगोरी (१६९६–१७८७) यांच्यासारख्या नीतिपंडितांनी सहकार्याचे प्रकार पाडले. जो दुष्कृत्य व्हावे अशी इच्छा धरतो त्याचा दोष पूर्ण. ज्याची इच्छा नाही, पण ज्याची कृती दुरून कोठेतरी त्याला उपयोगी पडते, त्याचा दोष अंतराप्रमाणे, गरजेप्रमाणे आणि त्याला काय ठाऊक होते याप्रमाणे कमी-अधिक. या मापाने पाहता त्या मुलीचे सहकार्य फार दूरचे आहे. तिला कोणी बालहत्येची भागीदार म्हणू लागला तर तो अन्याय होईल. परंतु या विचाराला दुसरी बाजू आहे. ठाऊक नसणे हे निमित्त ठाऊक होईपर्यंतच चालते. एकदा कळले की अंतर तेवढेच राहते, मात्र चौकशी करण्याचे कर्तव्य जन्माला येते. विकत घेणे ही केवळ पैशाची देवघेव नसून ती नैतिक कृतीही असते, हे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या विश्वपत्रात स्पष्टपणे मांडले ते याच अर्थाने.

कोणी म्हणेल, मग अभ्रक घेणेच सोडावे. हे उत्तर ऐकायला स्वच्छ वाटते. भट्टीत तयार केलेला कृत्रिम अभ्रक आज मिळतो. डबीच्या मागील बारीक अक्षरांत त्याचे नाव सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट असे असते, तर खाणीतल्या अभ्रकाचे नाव मायका किंवा सी.आय. ७७०१९ या क्रमांकाने येते. लश या इंग्रजी कंपनीने २०१४ साली नैसर्गिक अभ्रक सोडण्याचे जाहीर केले होते. पण सगळ्यांनीच एका दिवसात पाठ फिरवली तर ढिबरा वेचणाऱ्या घरात त्या संध्याकाळी काय शिजेल? ज्या गावात दुसरा रोजगार नाही, तेथील मूल खड्ड्यातून बाहेर येऊन शाळेत जाईलच असे नाही. ते विटांच्या भट्टीवर किंवा दूरच्या शहरातील एखाद्या हॉटेलात कपबशा विसळायला जाण्याची शक्यता अधिक. आपले हात स्वच्छ राहिले एवढेच समाधान त्यातून मिळेल, आणि स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याची हौस म्हणजे न्याय नव्हे. हे पिलाताच्या गोष्टीवरून आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

म्हणून त्या भागाकडे लक्ष देणाऱ्या पुष्कळांनी दुसरा मार्ग धरला आहे. २०१७ साली पॅरिसमध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली. अभ्रक वापरणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालाचा माग ठेवावा, वेचणाऱ्यांना रास्त दर मिळावा आणि मुले शाळेत जावीत, हे तिचे उद्दिष्ट. २०१४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळालेले कैलाश सत्यार्थी यांच्या संस्थेने याच पट्ट्यात बालमित्र गावांची कल्पना राबवली: गावाने आपल्या प्रत्येक मुलाला कामातून काढून शाळेत घालायचे. हे मार्ग लांबचे आहेत आणि त्यांत अपयशही येते. तरीही माल घेणे आणि मालाबद्दल विचारणे या दोन गोष्टी एकत्र केल्याशिवाय त्या गावांपर्यंत न्याय पोहोचणार नाही, असे आमचे मत झाले आहे.

विचारायचे कसे? आपल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक वेष्टनावर ग्राहकांच्या तक्रारीसाठी पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल छापावा लागतो. त्यावर एवढेच विचारावे: तुमच्या मालातील अभ्रक कोठला, आणि तो मुलांनी वेचलेला नाही याची खात्री तुम्ही कशी करता? उत्तर येईल किंवा येणार नाही. पण कारखान्यात काम करणाऱ्यांना माहीत आहे की गिऱ्हाइकाकडून एकच शंका वारंवार येऊ लागली की ती कधीतरी तपासणीच्या यादीत चढते. धर्मग्रामातील वीस घरांनी विचारले तर ती वीस पत्रे होतात. हाच प्रश्न नवी गाडी घेताना शोरूममध्येही विचारता येतो, आणि तेथे तो घरातील पुरुषांनी विचारावा. दुसरी गोष्ट, गरजेपुरते घेणे. मटाराएवढी क्रीम दोन्ही गालांना पुरून उरते; एक डबी नीट ठेवली तर ठरलेल्या महिन्यांत संपता संपत नाही. दर सणाला नवी डबी घेण्याचे कारण तेवढ्यापुरते तरी उरत नाही.

काउंटरवर विचारलेल्या मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही वर दिलेच आहे: कोरड्या कातडीला क्रीम, तेलकट कातडीला पावडर, छटा आपल्या वर्णाला साजेशी, आणि दोन्ही थोडीच. लग्नघरातील मुलीने ती निःसंकोच लावावी. आईवडिलांना आमची विनंती अशी की तिच्या हातात डबी दिसली तर ती कशाला हवी असे विचारण्याऐवजी ती आली कोठून, असे विचारावे, आणि मुलीने तोच प्रश्न अंगणातील गाडीकडे बोट दाखवून उलट विचारला तर रागावू नये. त्या घरात त्या दिवशी कोडरम्यातील, गिरिडीहमधील मुलांचे नाव निघेल. ती मुलेही आपल्या मुलांच्याच वयाची आहेत, आणि जूनमध्ये शाळा त्यांच्यासाठीही उघडायला हवी.